हेडलाइटवरची टेप आणि ट्रॅकचा विमा

डिसेंबरातला सोमवार, सकाळची वेळ. रक्कम तीन लाख तीस हजार रुपये. त्यात एक लाख चौऱ्याऐंशी हजार दवाखान्याने सांगितलेला अंदाज आणि एक लाख सेहेचाळीस हजार मोटारसायकलच्या दुरुस्तीचे. हजर माणसे पाच: जखमी मुलीचे मोठे काका, मुलीचे वडील, केळीच्या पिकअपचा चालक, आमचे हवालदार आणि मी. निवृत्त झाल्यावर बऱ्याच केसेसचे तपशील एकमेकांत मिसळले. ही केस मात्र झोपेतून उठवून कोणी विचारली, तरी आकड्यांसह सांगेन.

मी तेव्हा धुळे जिल्ह्यातल्या, मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. महामार्गावरच्या ठाण्यात निम्मा वेळ अपघातांत जातो. जखमीला दवाखान्यात पोचवायचे, घटनास्थळ पंचनामा करायचा, वाहन ताब्यात घ्यायचे, फिर्याद लिहायची. तेच ते इतके होते की लिहिणाऱ्याचा हात आपोआप चालतो, आणि खोटी फिर्याद नेमकी अशाच वेळी खऱ्यांच्या रांगेत येऊन बसते.

फिर्याद अशी होती. धुळ्यातल्या देवपूरला घर असलेली, पुण्यात नोकरी करणारी सव्वीस वर्षांची मुलगी रविवारी आपली मोटारसायकल घेऊन फिरायला निघाली होती. सोनगीरच्या अलीकडे केळी भरलेल्या एका पांढऱ्या पिकअपने तिला बाजूने धडक दिली आणि पळ काढला. जबडा मोडला, गळ्याजवळचे हाड मोडले. काकांनी तिला स्वतःच्या गाडीतून धुळ्याच्या खासगी दवाखान्यात नेले आणि मग ठाण्यात येऊन फिर्याद दिली. या काकांना सगळे घर नाना म्हणे, म्हणून मीही नानाच म्हणतो. कापसाचे जुने व्यापारी, घरातला शेवटचा शब्द त्यांचा. मुलीचे वडील त्यांचे धाकटे भाऊ. ते शेजारी बसत आणि नाना बोलले की मान हलवत.

मोटारसायकल सोनगीरजवळ रस्त्याकडेला पडलेली होती. हवालदारांनी रविवारी दिवस मावळताना पंचनामा केला आणि त्याच सुमारास नाक्यावर केळीची एक पांढरी पिकअप अडवली. तिचा डाव्या बाजूचा इंडिकेटर फुटलेला होता. नानांनी ती पाहिली आणि सांगितले, "हीच." पिकअप ठाण्याच्या आवारात आली, चालकाचे लायसन टेबलाच्या खणात गेले.

चालक चोपडा तालुक्यातल्या सातपुड्याच्या पायथ्याच्या गावचा, चाळिशीचा. पिकअप त्याची स्वतःची. सोमवारी सकाळी तो माझ्यासमोर उभा राहिला तेव्हा त्याने हात जोडले नाहीत की आवाज चढवला नाही.

"साहेब, गाडी मनी शे, पण ठोकर मनी नही. इंडिकेटर मना वाडाना फाटकले लागीसन फुटनं."

"फाटकाला? कधी?"

"परवा. बायकोनी फाटक अर्धंच उघडं. मी तिले बोलनू, ती मले बोलनी. बठ्ठा गावले ठाऊक शे."

सगळ्या गावाला ठाऊक, हे ऐकून हवालदार हसले. नाना हसले नाहीत. "साहेब, फाटक असं बाजूने फुटतं का? हे लोक ठोकर मारतात आणि फाटकावर ढकलतात."

पिकअपवाल्याची खरी अडचण लायसनपेक्षा मोठी होती. ज्या व्यापाऱ्याचा माल तो वाहत होता, त्याचा सरळ नियम होता: ज्याच्यावर ठोकरीची केस, त्याला माल नाही. पूर्ण हंगामाचे काम त्याला पहिल्यांदाच मिळाले होते. गुन्हा अंगाला चिकटला तर काम गेले, आणि गावात नाव गेले ते वेगळेच. शिवाय मागे दोन टन कच्ची केळी ताडपत्रीखाली तापत होती. "केळी तपी राहिनी साहेब," तो दर थोड्या वेळाने म्हणे. मी पंच बोलावून माल दुसऱ्या गाडीत भरून द्यायला परवानगी दिली, पण तोवर व्यापाऱ्याचा फोन येऊन गेला होता. उशिरा आलेल्या मालाचा भाव किलोमागे पाच रुपयांनी खाली.

माझ्या मनात तोपर्यंत शंकेचा एकच खडा होता. खऱ्या अपघातातला माणूस वेळ विचारली की चाचरतो. "दुपारी... चार वाजले असतील... नाही, उन्हं कलली होती," असे बोलतो. नाना मात्र एका दमात म्हणाले, "चार वाजून वीस मिनिटांनी." पुतणीला रक्तबंबाळ पाहून ज्या काकाला घड्याळ सुचते, त्या काकाशी पुन्हा एकदा बोलायला हवे, एवढे मी ठरवले. पण अशा खड्यावर तपास उभा राहत नाही.

दुपारी जेवणाचा डबा उघडला तेवढ्यात ठाण्याच्या फोनवर एका बाईचा फोन आला. ठाणे अंमलदाराला तिने सांगितले, मोठ्या साहेबांनाच द्या. मी घेतला. आवाज दबका, मागे भांड्यांचा आवाज.

"भाऊ, तो पिकअपवाला गरीब शे. त्याना काही दोष नही. तुम्ही त्या मोटारसायकलना दिवा देखा."

"कोण बोलतंय अक्का?"

"दिवा देखा," एवढेच पुन्हा, आणि फोन बंद.

खबर देणारी माणसे नेहमी जास्त सांगतात. कोणाचे जुने भांडण, कोणी कोणाला काय म्हटले, सगळे त्यात येते. ज्याला फक्त खरे कळवायचे असते तो थोडके बोलतो. मी डबा झाकला आणि आवारात गेलो.

मोटारसायकल निंबाखाली उभी होती. महागडी, पुढून बंद चेहऱ्याची, शर्यतीच्या गाडीसारखी. पुढचा दिवा फुटला होता, पण काचेचा एक तुकडाही खाली पडलेला नव्हता, कारण दिव्यावर आडवी-उभी काळी चिकटपट्टी लावलेली होती. मागच्या दिव्यावर तीच पट्टी, इंडिकेटरवरही तीच. दोन्ही आरसे नव्हते, आणि ते मोडलेही नव्हते. ते नीट काढून त्यांच्या जागी बोल्ट बसवलेले होते. इंजिनाखालच्या फटींत गोल, पांढरट, वाटाण्याएवढे खडे अडकलेले. सोनगीरच्या त्या कडेला काळी माती आणि मुरूम आहे. नदीतल्यासारखे गोल खडे तिथे मी तरी कधी पाहिले नव्हते.

पंचनाम्यात हवालदारांनी लिहिले होते, "पुढील दिवा फुटलेला." खोटे नव्हते. टेपबद्दल मात्र एक शब्द नव्हता. मी दोन पंचांसमोर पुरवणी पंचनामा केला, खडे पाकिटात सीलबंद केले, आणि नानांना बोलावून घेतले. भाऊ मागोमाग आलेच.

चौकशीची माझी पद्धत साधी होती. आधी चहा, मग ज्या गोष्टीबद्दल माणसाला अभिमान आहे ती गोष्ट. नानांना अभिमान विम्याचा होता.

"घरात तेरा पॉलिसी आहेत साहेब," ते म्हणाले. "दोन ट्रॅक्टर, जीप, तीन मोटारसायकली, माणसांच्या वेगळ्या. एकच एजंट, वीस वर्षांपासून. एक हप्ता चुकला नाही."

"मग या मोटारसायकलचाही दावा लावणार?"

"लावणारच. तुमची फिर्यादीची प्रत मिळाली की आज संध्याकाळीच."

"चला, गाडीचं नुकसान एकदा दोघं मिळून बघू."

आम्ही निंबाखाली गेलो. मी टेपवर बोट ठेवले.

"नाना, ही पट्टी कोणी लावली?"

"पडल्यावर लावली असेल कोणी. काच सांडू नये म्हणून."

"पडल्यावर?"

"नाही तर काय? दिवा झाकून रस्त्यावर गाडी कोण चालवेल?"

"मीही तेच म्हणतो. आता जरा वाका आणि या ओरखड्यावरून बोट फिरवा."

ओरखडा दिव्याच्या वरच्या प्लास्टिकवर सुरू होत होता, टेपवरून सरळ खाली येत होता आणि पुढच्या प्लास्टिकवर संपत होता. टेप जागोजागी सोलवटली होती. पडल्यानंतर टेप लावली असती तर ओरखडा टेपखाली झाकला गेला असता. इथे तो टेपच्या वर होता.

नानांचे बोट मध्येच थांबले. त्यांना हिशेब समजत होता, म्हणूनच ते व्यापारात टिकले होते. त्यांनी पाणी मागितले. धाकट्या भावाकडे पाहिले. आयुष्यात पहिल्यांदाच बहुधा, कारण भाऊ दचकला.

"साहेब, पोरगी काही वाईट करत नव्हती," नाना म्हणाले.

मग सगळी हकीकत बाहेर आली. मध्य प्रदेशच्या बाजूला एक खासगी ट्रॅक आहे. तिथे महिन्यातून एखाद्या रविवारी पैसे भरून कोणीही आपली मोटारसायकल फिरवू शकतो. शर्यत नसते, बक्षीस नसते, प्रशिक्षक असतो. मुलगी गाडी भाड्याच्या ट्रॉलीवर घालून तिथे गेली होती. एका वळणावर घसरली, घसरलेली गाडी थांबावी म्हणून कडेला पसरलेल्या गोल खड्यांत जाऊन पडली. फोन आल्यावर नाना निघाले आणि वाटेतूनच त्यांनी, गाडी कोणती ते न सांगता, एजंटला विचारले. एजंटने जे सांगितले ते त्याच्या पॉलिसीपुरते खरे होते: शर्यत, सराव, वेगाची चाचणी असे काही असेल तर दमडी मिळत नाही. ट्रॅकवर प्रथमोपचार झाल्यावर गुंगीत असलेल्या मुलीला घेऊन धुळ्याकडे येताना नानांनी सोनगीरजवळ मागून येणारी ट्रॉली थांबवली आणि मोटारसायकल रस्त्याकडेला आडवी केली.

"आणि पिकअप?"

"पिकअप कोणाची मला काय माहीत? अज्ञात वाहन लिहून घ्या म्हणणार होतो. या रस्त्यावर केळीच्या गाड्या जातातच, म्हणून बोलून गेलो. तुमच्या लोकांनी एक आणून उभीच केली, तिचा दिवा फुटलेला. आता नाही कसं म्हणू?"

पिकअपवाला निंबाच्या पलीकडे उभा राहून ऐकत होता. त्याने एकच वाक्य म्हटले. "नाना, नही म्हणानं व्हतं." मी नोकरीत वकिलांचे तासतासभराचे युक्तिवाद ऐकले. त्यांतला एकही मला आज आठवत नाही. हे वाक्य आठवते.

पण मुलीचा जबाब झाल्याशिवाय तपास पुरा नव्हता. ट्रॅकवर नक्की काय झाले, खोट्या फिर्यादीत तिचा हात होता का, हे तिच्याकडूनच यायला हवे होते. डॉक्टरांची परवानगी घेऊन मी त्याच संध्याकाळी हवालदार आणि नाना यांच्यासह दवाखान्यात गेलो. मुलीचा जबडा तारेने बांधलेला होता. उशाशी तिची आई बसली होती. त्यांनी मला "या भाऊ" म्हटले आणि मी तो आवाज ओळखला. त्यांनी नजर खाली वळवली. मी ओळख दाखवली नाही, आणि आजवर कोणाला त्यांचे नाव सांगितलेले नाही.

मुलीचा उजवा हात चांगला होता. ती मोबाइलवर टाइप करी आणि मी मोठ्याने वाचून दाखवी, म्हणजे सगळ्यांनी ऐकावे आणि हवालदारांनी लिहून घ्यावे.

मी विचारले, "दिव्यांवर टेप कशासाठी लावतात?"

तिने लिहिले, "ट्रॅकवर पडलं तर काच पसरू नये म्हणून. मागून येणाऱ्याच्या चाकात जाते. टेप नसेल तर ट्रॅकवर सोडतच नाहीत. आरसेही काढावे लागतात."

"तुम्ही लावलीत?"

"शनिवारी, आमच्या अंगणात. आईने कापून दिली."

आईने साडीचा पदर सारखा केला. मी पुढचा प्रश्न विचारला.

"पिकअपने तुम्हाला धडक दिली का?"

मुलीच्या कपाळावर आठ्या आल्या. तिने टाइप केले, "कोणती पिकअप?"

तिला काहीच माहीत नव्हते. मी थोडक्यात सांगितले: केळीची गाडी, चालक, त्याचे लायसन माझ्या खणात. तिचे बोट मोबाइलवर इतक्या जोरात चालू लागले की नर्स आत डोकावली.

"नाना, तुम्ही मला एकदा विचारायचं होतं."

"तुझं तोंड बांधलेलं होतं पोरी!" नाना म्हणाले.

"हात बांधलेले नव्हते," मी वाचले. हवालदारांनी हसू दाबायला खिडकीकडे तोंड केले.

पुढचे वाक्य वाचताना मात्र मीच अडखळलो. ते पुन्हा वाचले. "विमा मी स्वतः घेतला आहे. ट्रॅकसह. तुमच्या एजंटची पॉलिसी मार्चमध्ये संपली, ती मी नव्याने केली नाही."

तिने मोबाइलवरच पॉलिसी उघडून माझ्या हातात दिली. मी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि ते कलम पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचले. प्रशिक्षकाच्या देखरेखीखालचा ट्रॅकचा दिवस, बक्षीस किंवा स्पर्धा नसल्यास, मान्य. गाडीचे नुकसान मान्य, त्यातले पहिले पंधरा हजार मालकाच्या खिशातून. चालवणाऱ्याचा दवाखाना दोन लाखांपर्यंत मान्य. अट एकच: त्या दिवसाची सूचना कंपनीला आधी द्यायची. ती तिने गुरुवारीच मेलने दिली होती, त्याची पोचही होती.

"ट्रॅकचा पण विमा निघतो?" नानांचा आवाज मी पहिल्यांदाच इतका बारीक ऐकला.

"सात हजार जास्त गेले," तिने लिहिले.

मी नानांना एवढेच म्हटले, "रस्त्यावरचा दावा आज संध्याकाळी गेला असता, तर तो खोटा ठरला असता आणि हा खराही बुडाला असता. तीन लाख तीस हजार तुम्ही स्वतःच्या हाताने सोनगीरच्या कडेला आडवे केले होते."

मुलीच्या आईने तेवढ्यात तोंडाला पदर लावला. मला वाटले रडतात. त्या हसत होत्या. "तेरा पॉलिसी म्हणे," त्या पुटपुटल्या, "चौदावी माझ्या पोरीची."

ठाण्यात परतल्यावर मी खणातून लायसन काढले आणि पिकअपवाल्याच्या हातात दिले. आवारात ठाण्याची बरीच माणसे जमली होती. गुन्हा त्याच्यावर लागू होत नसल्याचे पत्र मी सही-शिक्क्यासह दिले आणि त्याच्या व्यापाऱ्याला त्याच्यासमोरच फोन लावला. व्यापारी म्हणाला, "साहेब, पोलिसांनी सोडलं, एवढं कळलं. पण चूक नव्हतीच, हे तुम्ही सांगताय का?" मी म्हटले, "तपास अधिकारी म्हणून सांगतोय. नव्हतीच." पिकअपवाला फोनकडे पाहत होता. व्यापारी म्हणाला, "मग उद्याची गाडी त्यालाच." त्या क्षणी त्या माणसाचे खांदे जे सरळ झाले, ते मी बघत राहिलो. एवढ्या वर्षांत मला तीन वेळा पदक मिळाले. त्या तिन्ही समारंभांपेक्षा ती संध्याकाळ मला मोठी वाटते.

फिर्याद खोटी असल्याचा 'ब' समरीचा अहवाल मी न्यायालयात पाठवला आणि नानांविरुद्ध खोटी माहिती दिल्याची स्वतंत्र तक्रार केली. त्यांनी कबुली दिली, दंड भरला. वय आणि कबुली पाहून न्यायालयाने तेवढ्यावर सोडले. त्यांनी माझ्याकडे रदबदली केली नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवतो.

फेब्रुवारीत तारा निघाल्यावर मुलगी ठाण्यात सविस्तर जबाबाला आली. मी माझ्या समाधानासाठी विचारले, ही पॉलिसी निवडली कशी. तिने सांगितले ते मी घरी येऊन बायकोला सांगितले, आणि आता वाचकांनाही सांगतो, कारण घरोघरी मोटारसायकली आहेत आणि मुले-मुली ट्रॅकवर जाऊ लागली आहेत. तिने तीन कंपन्यांना फोन केले. पहिली म्हणाली, आमच्याकडे 'स्पोर्ट्स' संरक्षण आहे. तिने कलम मागवून वाचले तर ते फक्त हेल्मेट आणि जाकिटाचे होते. दुसरी गाडीचे नुकसान देत होती, पण ट्रॅकपर्यंत नेताना आणि आणताना. ट्रॅकच्या आत पाऊल टाकले की संपले. तिसरीला तिने सरळ विचारले: मी प्रशिक्षकासोबत वळण शिकताना पडले, स्पर्धा नाही, तर गाडी आणि हाडे दोन्ही धरता का? हो असेल तर लेखी द्या. त्यांनी लेखी दिले. हप्ता सर्वांत जास्त त्यांचाच होता, आणि तिने तोच घेतला.

"काका, स्वस्त पॉलिसी मला रस्त्यावर पुरली असती," ती म्हणाली. "पण मी पडणार होते ते ट्रॅकवर."

त्या रात्री मी आमच्या स्कूटरची पॉलिसी काढून वगळलेल्या गोष्टींचे पान प्रथमच वाचले. बायको म्हणाली, "बारा वर्षं हप्ता भरताय, आज वाचताय?" मी वाचत राहिलो.

या केसने मला जे शिकवले ते असे. आम्ही पोलीस धरून चालतो की माणूस खोटे बोलतो तो काही लपवण्यासाठी. पुष्कळदा तो खोटे बोलतो कारण खऱ्याची किंमत आपल्याला परवडणार नाही असे त्याने न विचारताच ठरवलेले असते. नानांनी वाचले नाही, विचारले नाही, आणि ठरवून टाकले. त्याची किंमत पिकअपवाल्याच्या खिशातून जाणार होती. पुढे प्रत्येक फिर्यादीत मी एक प्रश्न वाढवला: खरे सांगितले तर तुमचे नक्की किती नुकसान होते, ते कोणाला विचारले आहे का? त्या प्रश्नावर बरीच माणसे थांबली, आणि थांबलेल्यांपैकी काहींनी फिर्यादच बदलली.

शेवटी पैसे कोणाला मिळाले ते नोंदवून संपवतो. विमा कंपनीच्या सर्व्हेअरने ट्रॅकवर जाऊन खडे आणि वळण पाहिले आणि दावा मंजूर केला: दवाखान्याला एक लाख चौऱ्याऐंशी हजार, गॅरेजला एक लाख एकतीस हजार. राहिलेले पंधरा हजार मुलीने आपल्या पगारातून भरले. नाना पिकअपवाल्याच्या गावी स्वतः गेले. दोन टन केळीवरचा तोटा दहा हजार, एक दिवसाचे भाडे अडीच हजार, आणि इंडिकेटरचे साडेतीनशे, असे बारा हजार आठशे पन्नास त्यांनी चार माणसांसमोर त्याच्या हातात ठेवले. त्याने बारा हजार पाचशे ठेवून घेतले आणि साडेतीनशे परत केले.

"हाई मना फाटकनं शे," तो म्हणाला.